उद्ध्वंसापूर्वीचा औषधसंग्रह : जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा आजच्या संदर्भात अभ्यास

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, जल, देश व काल हे चार भाव, त्यांच्या विकृतीची लक्षणे, अधर्म व प्रज्ञापराध ही मूळ कारणे, एवढे मुद्दे परीक्षेपुरते पाठ झाले की जनपदोद्ध्वंस म्हणजे साथीचे रोग, हे समीकरण मनात पक्के बसते. २०२० व २०२१ या वर्षांतील करोनाच्या साथीत या अध्यायाची पुष्कळ उजळणी झाली. परंतु तीही बहुतांशी याच अंगाने. म्हणून या अध्यायाच्या आरंभाकडे पुन्हा एकदा लक्ष द्यावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे.

पांचाल देशाची राजधानी कांपिल्य. ग्रीष्माचा अखेरचा महिना. गंगेच्या काठच्या वनात शिष्यांसह फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, ग्रह-नक्षत्रे, वायू, अग्नी व दिशा यांची स्थिती प्रकृतीस सोडून झालेली दिसते. याउपर भूमी औषधींमध्ये रस, वीर्य, विपाक व प्रभाव हे यथायोग्य उत्पन्न करणार नाही. तेव्हा उद्ध्वंस होण्यापूर्वी आणि भूमी नीरस होण्यापूर्वी औषधे काढून आणून ठेवावीत. अग्निवेशाचा प्रश्न, रोगांची कारणे, चिकित्सा, हा सर्व विषय त्यानंतर येतो. बिघडत्या सृष्टीत आचार्यांना पहिली चिंता वाटते ती औषधींची. रुग्णाचा विचार तिच्यामागून येतो, कारण औषधच निर्वीर्य झाले तर वैद्याच्या हाती काय उरणार?

मानवी व्यवहारांमुळे गेल्या दोन शतकांत हवा, पाणी, भूमी व ऋतू यांत जे पालट झाले, ते आपल्या काष्ठौषधींच्या पोत्यापर्यंत कसे येऊन पोचले आहेत, हे प्रस्तुत लेखात चार भावांच्या क्रमाने पाहावयाचे आहे. त्यानंतर एका अवघड प्रश्नाकडे वळावयाचे आहे. औषधे आधीच काढून आणून ठेवण्याचा आत्रेयांचा उपदेश आज शब्दशः पाळावा काय? आमच्या मते पाळता येणार नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यातच या अध्यायाचा आजचा अर्थ सामावलेला आहे.

१. वायू

विकृत वायूच्या लक्षणांत आचार्यांनी ऋतूस विषम असणे, अतिउष्ण असणे, बाष्प, धूळ व धूर यांनी युक्त असणे यांचा समावेश केला आहे. धुराने भरलेली हवा डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. आजच्या वायुविकृतीचा मुख्य अंश मात्र अदृश्य व गंधहीन आहे. दगडी कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने आणि जंगले तोडल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत गेला. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ झालेले होते. २०२४ मध्ये वर्षाची सरासरी ४२० च्या वर गेली. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. भारतात १९०१ ते २०१८ या काळात ही वाढ सुमारे ०.७ अंश झाली, असे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो.

वैद्यांच्या दृष्टीने येथे एक विशेष गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा वायू वनस्पतींचा आहारही आहे. आहार बदलला की धातू बदलतात, हे आपण मनुष्यशरीराबाबत मानतो. वनस्पतींबाबतही तसेच घडते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात एका विषारी वेलीवर, तिकडे जिला पॉयझन आयव्ही म्हणतात तिच्यावर, अनेक वर्षे वाढीव कार्बन डायऑक्साइड सोडून प्रयोग करण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की वेल अधिक जोमाने वाढली आणि तिच्यातील त्वचादाह करणारे तैलद्रव्य अधिक तीव्र स्वरूपाचे झाले. ही वेल आपल्या भल्लातकाच्याच कुळातील आहे, आणि भल्लातकाचा स्फोटकारक तैलांशही रासायनिक दृष्ट्या त्याच जातीचा आहे. यावरून आजचा बिब्बा पूर्वीपेक्षा तीक्ष्ण झाला, असे अनुमान काढणे घाईचे होईल. तसा अभ्यास झाल्याखेरीज ते म्हणू नये. परंतु हवा बदलल्याने द्रव्याचे वीर्य बदलू शकते, हे आत्रेयांचे प्रतिपादन प्रयोगानेही सिद्ध होते, एवढे निश्चित.

२. जल

जलविकृतीच्या वर्णनात जलचर पक्षी सोडून गेलेले, जलजीव क्षीण झालेले पाणी येते. आज त्यासाठी दूर जावे लागत नाही. शहराबाहेरच्या कोणत्याही नदीचा काठ पुरेसा आहे. औषधींच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो पावसाच्या स्वभावातील फरक. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. याउलट मध्य भारतात, व्यापक प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे पाऊस एकूण कमी, पण पडतो तेव्हा धो धो. संथ झड जमिनीत मुरते. अतिवृष्टी मातीसह वाहून जाते. मूळ व कंद ज्यांचे प्रयोज्यांग आहे, अशा वनस्पतींना हा भेद सोसावा लागतो.

हिमालयाची स्थिती याहून गंभीर आहे. औषधभूमींमध्ये हिमवान श्रेष्ठ, असे चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात म्हटले आहे. कुटकी, जटामांसी, अतिविषा या द्रव्यांसाठी आपण आजही त्याच भूमीवर अवलंबून आहोत. हिंदुकुश-हिमालय प्रदेशाविषयी काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखण्यात यश आले तरीही या शतकाच्या अखेरीस तेथील हिमनद्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग नष्ट होईल. हवा उबदार झाली की थंडीची सवय असलेल्या वनस्पती हळूहळू वरच्या उतारांवर सरकतात. परंतु डोंगर वर निमुळता होत जातो. माती कमी, जागा कमी. आणि शिखरापलीकडे तर सरकण्यास काहीच उरत नाही. डोंगराच्या माथ्याजवळ वाढणाऱ्या औषधींचे संकट असे दुहेरी आहे.

३. देश

विकृत देशाच्या लक्षणांत तृण, वेली व झुडुपे यांचे अनिर्बंध माजणे आणि पिके सुकून नष्ट होणे यांचाही उल्लेख आहे. महाराष्ट्रातील वैद्यांना हे लक्षण समजावून सांगण्याची गरज नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आज गावोगावच्या पडीत जमिनी व्यापून बसले आहे. ज्या माळावर पूर्वी शंखपुष्पी, गोक्षुर, पुनर्नवा, भुईआवळी सहज हाती लागे, तेथे आता या गवतातून वाट काढावी लागते. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने तर देशभरच्या जंगलांत मुक्काम ठोकला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कच्छमधील आहे. कच्छच्या रणालगत बन्नी नावाचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. रणाची खारी जमीन पुढे सरकू नये, या हेतूने १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे परदेशी वेड्या बाभळीची मोठ्या प्रमाणावर लागवड करण्यात आली. हेतू चांगला होता. पण बाभळीने स्वतःच प्रसार सुरू केला, गवताळ भूमी गिळली आणि स्थानिक झुडुपांची जागा घेतली. तेथील लोक तिला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, याच नावाने ओळखतात. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान व सीमेपलीकडील सिंध ही रुक्ष जांगल भूमी गुग्गुळाची माहेरभूमी होय. कोरड्या, खडकाळ जमिनीत सावकाश वाढणाऱ्या या काटेरी झुडुपाला शेती, खाणी, चराई व अशा आगंतुक वनस्पती या सर्वांशी एकाच वेळी झुंजावे लागत आहे. सामान्य माणसास पडीत वाटणारी जमीन वैद्यास औषधभूमी वाटली पाहिजे. ती तशी वाटली नाही, म्हणूनच तिचे रक्षण झाले नाही.

४. काल

वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हा टाळण्यास उत्तरोत्तर कठीण, असा क्रम आचार्यांनी सांगितला आहे. वारा आडोशाने टाळता येतो, पाणी उकळता येते, गाव सोडता येते. ऋतू मात्र कोणास सोडता येत नाही.

द्रव्यसंग्रहाचे आपले सर्व नियम ऋतूंवर उभे आहेत. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायानुसार कोवळ्या शाखा व पाने वर्षा व वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या हंगामात घ्यावयाची. हे नियम ज्या गृहीतकावर आधारलेले आहेत, ते असे की शरद म्हटले की पाऊस संपलेला असेल.

२०२० मध्ये भारतीय हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने निश्चित केल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० या काळातील नोंदींवर आधारलेल्या होत्या. नव्या तारखांनुसार मुंबईतील आगमन १० जूनऐवजी ११ जून, म्हणजे जवळपास तेथेच राहिले. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. राजस्थानातील जैसलमेर येथून पाऊस मागे फिरण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. या फरकातील काही वाटा अधिक नोंदी उपलब्ध झाल्याचाही असू शकेल. तरी परतीचा पाऊस लांबल्याचा अनुभव गावोगावच्या शेतकऱ्याला आहेच. आश्विनात काढलेली साल ओलसर निघते, सावलीत वाळवताना तिला बुरशी धरते, आणि तीच साल पुढे चूर्णात व क्वाथात येते. पंचांग पाहून संग्रह करणाऱ्याने नियम पाळला खरा, पण त्याचे फळ त्यास मिळाले नाही. नियमाचा शब्द महिन्याचे नाव सांगतो. नियमाचे तात्पर्य ऋतूच्या लक्षणांत आहे. अयोग, अतियोग व मिथ्यायोग हे कालाचे तीन विकार आपणच शिकवतो. संग्रहाच्या वेळी त्यांचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

५. प्रज्ञापराध : आपला वाटा

येथवरच्या विवेचनात कारखाने, मोटारी व सरकारी धोरणे यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आचार्यांनी चारही भावांच्या विकृतीचे मूळ अधर्मात व अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात दाखविले आहे. देश, नगर व जनपद यांचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले की त्यांच्यामागून इतर जन व व्यापारीही तसेच वागतात, पाऊस वेळेवर पडत नाही आणि औषधी आपला स्वभाव सोडतात, असा तो क्रम आहे. औषधींच्या बाबतीत प्रमुख कोण, असा प्रश्न विचारला तर बोट आपल्याकडेच वळते.

गुग्गुळाचेच पाहू. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी मेदोरोगाच्या संदर्भात गुग्गुळावर केलेल्या संशोधनाने या द्रव्याकडे आधुनिक वैद्यकाचेही लक्ष वेधले, आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याचे आधुनिक औषध सिद्ध झाले. आयुर्वेदाच्या गौरवाची ही गोष्ट. योगराज, कैशोर, कांचनार, गोक्षुरादि, लाक्षादि असे आपले शेकडो कल्प त्यावर आधीच अवलंबून होतेच. मागणी वाढली. झुडूप मात्र निर्यास देण्याजोगे होण्यास आठ-दहा वर्षे घेते. अधिक डिंक लवकर मिळावा म्हणून खोल काप घेणे, कापांत क्षोभक लेप भरणे अशा पद्धती रूढ झाल्या. त्यांनी एकदा भरपूर डिंक मिळतो आणि झुडूप वाळून जाते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गात केली. जटामांसीही त्याच वर्गात आहे.

येथे आमचा एक अनुभव सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आलेला गुग्गुळ आम्ही नेहमीप्रमाणे त्रिफळाक्वाथात शोधनासाठी घातला. पोटलीत वाळू, साली व काटक्या यांचा मोठा चोथा उरला. जो भाग विरघळला त्यालाही गुग्गुळाचा गंध नव्हता, सालईच्या डिंकाचा होता. तो माल आम्ही परत केला. परंतु त्याआधीच्या मालाची इतक्या बारकाईने परीक्षा आम्ही केली नव्हती. आणि त्याच काळात कैशोर गुग्गुळ घेऊनही गुण नाही, अशी तक्रार करणाऱ्या वातरक्ताच्या दोन रुग्णांना आम्ही पथ्य मोडल्याचा दोष दिला होता. त्या दोघांनी पथ्य पाळलेही असेल. कच्छच्या माळावर वाळलेल्या झुडुपाचा परिणाम आमच्या चिकित्सालयात असा येऊन पोचला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

दुसरे उदाहरण बृहत् पंचमूळाचे. बेल, अग्निमंथ, टेटू, पाडळ व शिवण हे पाचही वृक्ष, आणि आपल्याला हवी असतात त्यांची मुळे. मूळ घ्यावयाचे तर झाड जाते. दशमूळाचा खप आज जेवढा आहे, तेवढ्या प्रमाणात वृक्षांची मुळे खणली जात असतील तर जंगल उरणार नाही; आणि खणली जात नसतील तर दशमूळ म्हणून आपण खोडाचे व फांद्यांचे तुकडे उकळत आहोत. दोन्ही शक्यता लाजिरवाण्या आहेत. अशोकाचे तसेच. साल सोलून नेलेले सीता अशोकाचे झाड वाचत नाही, आणि बाजारात अशोकाच्या नावाने दुसऱ्याच वृक्षांच्या साली येतात.

संग्रहाने केवळ संख्या घटते असेही नाही, वनस्पतीचे रूपही बदलते. पूर्व हिमालय व तिबेटच्या उंच डोंगरांत हिमकमळ नावाची वनस्पती होते. ती आपल्या कुष्ठाच्या, म्हणजे बाजारातील उपळेटाच्या, प्रजातीतील असून तिबेटी व चिनी वैद्यकात वापरली जाते. तिच्या शंभरांहून अधिक वर्षांत जतन केलेल्या नमुन्यांची मोजमापे घेऊन २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संग्राहक नेहमी मोठी झाडे नेत राहिल्याने बुटक्या झाडांचेच बी मागे राहिले आणि जातीची उंची पिढ्यान्‌पिढ्या घटत गेली. शेजारीच वाढणाऱ्या, पण फारशी न तोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या जातीत तसा फरक आढळला नाही. उत्तम ते उचलावे, हा आपला नियम. सर्वांनी सर्वकाळ तो पाळला तर मागे अधम तेवढेच उरते.

या साऱ्याचा आवाका किती, हेही पाहावे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील वनौषधींची वार्षिक मागणी सुमारे ३,१९,५०० टन होती. वर्षाला शंभर टनांहून अधिक खप असलेल्या १७८ जातींपैकी ९१ जाती जंगलांतून, ४६ जाती रस्त्यांच्या कडा व पडीत जमिनींतून येत. मुख्यतः लागवडीतून येणाऱ्या जाती अवघ्या ३६ होत्या आणि ५ आयात होत. २०१४-१५ साठीच्या पुढील पाहणीत हीच मागणी सुमारे ५,१२,००० टनांवर गेली. आयुर्वेदाचा प्रसार झाला याचा आनंद मानताना हा आकडाही समोर असावा.

६. उपदेशाचा आजचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उद्ध्वंसापूर्वी औषधे काढून ठेवा, हे आत्रेयांनी सांगितले तेव्हा संग्रह करणारे हात थोडे आणि वने अपार होती. उद्ध्वंस बाहेरून येणार होता. संग्रह हा त्यापासून बचाव होता. आज संग्रह हेच उद्ध्वंसाच्या कारणांपैकी एक झाले आहे. टंचाईची वार्ता ऐकून प्रत्येक औषधालयाने दोन वर्षांचा साठा करावयाचे ठरविले, तर तो साठा जंगलातूनच येणार, भाव चढणार, आणि चढलेल्या भावाने उरलेली झुडुपेही खणली जाणार. त्या उपदेशाचे शब्दशः पालन म्हणजे उपदेशाच्या हेतूचाच घात होय.

हेतू काय होता? पुढील रुग्णाला सवीर्य औषध मिळावे. तो हेतू आज साठ्याने साधत नाही. लागवड, रक्षण व संयम यांनी साधतो. शास्त्राला हा विचार परका नाही. अष्टवर्गातील द्रव्ये राजांनाही दुर्मिळ झाली, हे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी मान्य केले आणि मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धीच्या जागी वाराही, असे प्रतिनिधी सांगितले. आजचा प्रत्येक च्यवनप्राश त्या निर्णयावर उभा आहे. फरक एवढाच, की प्रतिनिधीचा विचार आपण द्रव्य संपल्यावर करतो. तो द्रव्य शिल्लक असतानाच केला, तर द्रव्यही वाचेल.

लागवडीने काय साधते याची उदाहरणेही आहेत. कुष्ठ रानात इतके विरळ झाले आहे की रानटी वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकरारात ते सर्वांत कडक निर्बंधाच्या यादीत आहे; तरीही उपळेट बाजारात मिळते, कारण हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या शेतकऱ्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून त्याचे पीक घेतले. आपल्याकडे अकोट व अंजनगाव सुर्जी भागात पानमळ्यांच्या जोडीने पिंपळीची लागवड होत आली आहे. नीमच-मंदसौरची अश्वगंधा तर सर्वांच्या परिचयाची आहे. या द्रव्यांसाठी जंगल खणावे लागत नाही.

७. कर्तव्य

वैद्यबंधू-भगिनी व औषधालयांचे चालक यांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो.

(अ) संकटग्रस्त द्रव्याचा वापर अनिवार्य असेल तेथेच करावा. बालकांच्या अतिसारात व ज्वरात अतिविषेऐवजी मुस्तेची योजना परंपरेला मान्य आहे; नागरमोथा बांधाबांधावर उगवतो. प्रत्येक आमवातात गुग्गुळकल्प हवाच काय, की शुंठी, एरंड, रास्ना यांनीही कार्य होईल, हा विचार लेखणी उचलण्यापूर्वी करावा.

(आ) कच्च्या मालाच्या नोंदवहीत भाव व वजन यांबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात: माल कोणत्या प्रदेशातील, कोणत्या महिन्यात काढलेला, आणि लागवडीचा की रानातला. व्यापाऱ्यास उत्तर देता आले नाही तरी प्रश्न विचारीत राहावे. गिऱ्हाईक विचारू लागले की बाजार उत्तर शोधू लागतो.

(इ) गंध, रस, जलपरीक्षा व शोधनातील शेष यांची नोंद प्रत्येक वेळी ठेवावी. औषध लागू पडले नाही तर रुग्णास दोष देण्यापूर्वी ही नोंद उघडून पाहावी.

(ई) तालुक्यातील पाच-सात औषधालयांनी मिळून परिसरातील शेतकऱ्यांशी खरेदीचा आगाऊ करार करावा. शतावरी, अश्वगंधा, गुळवेल, अडुळसा, पुनर्नवा यांसाठी हे सहज शक्य आहे. वृक्षांच्या बाबतीत फळ उशिरा मिळेल. बेल, शिवण, टेटू आज लावले तर पुढील पिढीतील वैद्यास मुळे मिळतील.

(उ) जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या व १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही पूर्वसूचनांतून सूट मिळाली आहे. ही सूट कायद्याने दिलेली सोय आहे. भूमीचे ऋण तिने फिटत नाही.

(ऊ) संग्रहाचे महिने ठरविताना स्थानिक पावसाची नोंद पाहावी. दहा वर्षे अशी नोंद ठेवणारा वैद्य आपल्या भागाचा खरा ऋतुसंग्रहविधी लिहू शकेल.

उपसंहार

द्रव्यसंग्रहासाठी जाणाऱ्या वैद्याने शुचिर्भूत व्हावे, शुभ्र वस्त्रे ल्यावीत, उपवास करावा, देवतांचे पूजन करून पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून औषधी घ्यावी, असे कल्पस्थान सांगते. आज आपल्यापैकी किती जणांनी स्वतः एखादे मूळ खणले आहे? दलालाच्या दूरध्वनीवर माल ठरतो, पोती येतात, कुटाई होते. त्या विधीचे मर्म आमच्या समजुतीप्रमाणे असे, की घेणाऱ्याने घेण्यापूर्वी थांबावे, आपण कोणाकडून काय घेत आहोत याचे भान ठेवावे. उपाशी राहून, हात जोडून घेणारा माणूस गरजेपुरतेच घेतो.

हवेतील वायू कमी करणे एकट्या वैद्याच्या हाती नाही. हिमनद्या थांबविणे तर नाहीच नाही. परंतु औषधी ज्या हातांनी मागविल्या जातात ते हात आपले आहेत. येत्या वर्षाप्रतिपदेपासून प्रत्येक औषधालयाने आपल्या यादीतील एक रानातले द्रव्य निवडावे व त्याची लागवडीतून सोय करण्याचा संकल्प सोडावा, एवढे आवाहन करून हा लेख पुरा करतो. आलेल्या अनुभवांची नोंद वाचकांनी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी. अलम् अतिविस्तरेण।